हॉवर्थ गांव आणि वरचें रान

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर म्हणून जो मोठा प्रांत आहे, त्याच्या पश्चिम अंगास पेनाइन नांवाची डोंगरांची ओळ दक्षिणोत्तर पसरली आहे. डोंगर म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचे कडे उभे राहतात. तसें येथें कांहीं नाहीं. उंची बेताची, सुळके नाहींत, कातळाच्या भिंती क्वचित्. एखाद्या थोराड जनावरानें पाय पोटाशीं घेऊन बसावें, तशा ह्या टेकड्या बसल्या आहेत. अशाच एका टेकडीच्या उतारावर हॉवर्थ हें गांव आहे. कीथली ह्या गिरण्यांच्या शहराहून त्या खोऱ्यांत एक लहानशी आगगाडी जाते. ती १८६७ सालीं सुरू झाली, १९६२ सालीं बंद पडली, आणि १९६८ सालीं हौशी मंडळींनीं स्वतःच्या श्रमानें पुन्हां चालू केली. एंजिन वाफेचें. पुष्कळ वर्षांनीं कोळशाचा तो वास नाकांत शिरला आणि मला बरें वाटलें, हें कबूल करतों.

स्टेशनापासून गांवांत जावयाचें म्हणजे चढणच. मुख्य रस्ता इतका उभा आहे कीं फरसबंदीचे दगड मुद्दाम आडवे बसविले आहेत; माल ओढणाऱ्या घोड्यांच्या नालांना त्यांच्या कडांवर आधार मिळावा हा हेतु. दोहों बाजूंस काळसर दगडाचीं घरें. हा दगड मुळांत फिकट पिंगट. पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांचा धूर खाऊन तो काळा पडला आहे. चढण संपली कीं चर्च, चर्चला लागून दफनभूमि, तिला लागून धर्मोपदेशकाचें घर, आणि त्या घराच्या मागून जी वाट निघते ती थोड्याच वेळांत उघड्या रानाला मिळते.

ह्या रानाला इंग्रजींत 'मूर' म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधतांना मी बराच अडखळलों. माळ म्हणावें तर माळ कोरडा. कोंकणांतला सडा वाऱ्यानें व उघडेपणानें त्याच्या जवळचा. पण सड्यावर पायाखालीं जांभा दगड, आणि येथें भिजलेला स्पंज. आपल्या आयुर्वेदानें भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल म्हणजे विरळ झाडांची, वाऱ्याची, कोरडी. आनूप म्हणजे पाणथळ. मूर ही भूमि वाऱ्यानें व वृक्षहीनतेनें जांगल, आणि पाण्यानें आनूप. आपल्या शास्त्रकारांनीं ती पाहिली असती तर त्यांना चौथा प्रकार कल्पावा लागला असता. येथील पावसाचें पाणी सगळें वाहून जात नाहीं, मुरून राहतें. त्यांत स्फॅग्नम नांवाचें शेवाळ वाढतें. तें आपल्या वजनाच्या वीसपटपर्यंत पाणी धरून ठेवूं शकतें. मेलेलें शेवाळ पाण्याखालीं हवेवांचून पुरतें कुजत नाहीं. थरावर थर बसतात आणि त्यांची 'पीट' नांवाची काळी माती होते. तिची वाढ वर्षाला सुमारें एक मिलिमीटर. पुरुषभर खोल पीट दिसली तर तिच्या तळाशीं गुप्तराजांच्या काळचें शेवाळ आहे असें समजावें. पहिल्या महायुद्धांत ह्याच जातीचें शेवाळ वाळवून सैनिकांच्या जखमांवर बांधीत असत. ऑगस्टांत ह्या रानावर हेदर नांवाचें झुडूप जांभळें फुलतें, तेव्हां प्रवाशांची गर्दी होते. आम्ही गेलों मार्चांत. तेव्हां सगळें रान तपकिरी असतें.

आम्ही गेलों तें प्रेक्षणीय स्थळ म्हणून नव्हे. माझा पुतण्या लीड्स शहरांत नोकरीस आहे. त्याची पत्नी, आमची सूनबाई, हॉवर्थहून निघणाऱ्या एका शर्यतींत धांवणार होती. ह्या शर्यतीला 'हॉवर्थ हॉबल' म्हणतात; हॉबल म्हणजे लंगडत चालणें. नांव ठेवणाऱ्यानें शेवट आधींच सांगून टाकला आहे! सुमारें बत्तीस मैलांची वाट, आणि सगळे चढ मिळून चार हजार फुटांहून अधिक. मी निघण्यापूर्वीं पुण्यास माझ्या वहिनी, म्हणजे सूनबाईच्या सासूबाई, मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही जातच आहां, तर तिला जरा आवरा. चिखलांतून बत्तीस मैल पळायला ती काय टपालाचा हरकारा आहे?" त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती, आणि तिला कारण होतें. दोन वर्षांपूर्वीं सूनबाईचें पहिलें मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीं गेलें. त्यानंतर तिनें घरांत रडणें फारसें केलें नाहीं. बोलणेंच कमी केलें. मग ती चालावयास जाऊं लागली, आणि चालतां चालतां धांवूं लागली. शरीराला विसांवा द्यावा, पुढें पुन्हां दिवस जावयाचे आहेत, असें वहिनींचें म्हणणें. मीं त्यांना 'पाहतों' एवढेंच सांगितलें. चाळीस वर्षें शाळेंत काढलेला माणूस 'पाहतों' हा शब्द सांभाळून वापरावयास शिकतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशीं आम्ही तिघांनीं तें धर्मोपदेशकाचें घर पाहिलें. १९२८ पासून तेथें संग्रहालय आहे. पॅट्रिक ब्रॉण्टी नांवाचे आयरिश धर्मोपदेशक १८२० सालीं पत्नी व सहा मुलांसह येथें राहावयास आले. दुसऱ्याच वर्षीं पत्नी वारली. १८२५ त थोरल्या दोन मुली, अकरा आणि दहा वर्षांच्या, दूरच्या निवासी शाळेंतून क्षय घेऊन आल्या व एकामागून एक गेल्या. उरलेल्या चौघांपैकीं शार्लट, एमिली व अ‍ॅन ह्या तीन बहिणींनीं पुरुषी वाटावीं अशीं टोपणनांवें घेऊन १८४६ सालीं कविता छापल्या. त्या पुस्तकाच्या आरंभीं दोनच प्रती खपल्या. पुढल्याच वर्षीं तिघींच्या कादंबऱ्या निघाल्या, आणि त्यांतील 'जेन एअर' व 'वुदरिंग हाइट्स' ह्या दोहोंनीं इंग्रजी वाङ्मयांत कायमची जागा घेतली. यशाचें सुख मात्र घराला लाभलें नाहीं. १८४८ च्या सप्टेंबरांत भाऊ ब्रॅनवेल, डिसेंबरांत एमिली, आणि १८४९ च्या मे महिन्यांत अ‍ॅन. नऊ महिन्यांच्या आंत तिघें गेलीं. शार्लट लग्नानंतर वर्ष पुरें होण्यापूर्वींच १८५५ च्या मार्चांत, अडतिसाव्या वर्षीं वारली. म्हातारे पॅट्रिक सहाही अपत्यांच्या मागें राहून १८६१ सालीं, चौऱ्यायशीं वर्षांचे होऊन गेले.

त्या घरांत जेवणाच्या खोलींतलें टेबल ठेवलें आहे. दिवसाचें काम आटोपल्यावर रात्रीं तिघी बहिणी त्याच्याभोंवतीं फेऱ्या घालीत आणि लिहिलेलें एकमेकींस वाचून दाखवीत. दोघी गेल्यानंतर शार्लट एकटीच त्याच्याभोंवतीं चालत असे. खोली लहान आहे. टेबल आणि भिंत ह्यांच्यामध्यें एका माणसानें जावें एवढीच जागा. सूनबाई तेथें बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, एवढ्याशा जागेंत किती मैल झाले असतील?" मीं उत्तर दिलें नाहीं.

हें दुर्दैव एका घराचेंच नव्हतें. गांवांत मृत्यु फार, म्हणून पॅट्रिक ब्रॉण्टी व इतर गांवकऱ्यांनीं सरकारच्या आरोग्यमंडळाकडे अर्ज केला, आणि १८५० सालीं बेंजामिन बॅबेज नांवाचा अधिकारी चौकशीस आला. गणकयंत्राची कल्पना काढणाऱ्या चार्ल्स बॅबेजचा हा मुलगा. त्याच्या अहवालाप्रमाणें ह्या गांवांत मरणाऱ्यांचें सरासरी वय २५.८ वर्षें होतें, आणि जन्मलेल्या मुलांपैकीं शेंकडा एकेचाळिसांहून अधिक सहावें वर्ष न पाहतांच जात. संडास अपुरे, गटारें उघडीं, आणि उतारावरच्या दाटलेल्या दफनभूमींतून झिरपणारें पाणी विहिरींकडे. त्यांतून थडगीं सपाट शिळांनीं अशीं झांकलेलीं कीं खालच्या मातीला वारा लागूं नये. नवल हें कीं गांवाच्या अगदीं डोक्यावर मैलच्या मैल पाण्यानें भरलेलें रान होतें! वरच्या पाण्यांत दोष नव्हता; तें गांवांतून उतरतांना विष होत होतें. हा अहवाल मला ठाऊक होता. त्यांतला मुलांविषयींचा आंकडा मात्र मीं त्या दिवशीं सूनबाईच्या देखत उच्चारला नाहीं.

ब्रॉण्टी मुलांना खालच्या गांवापेक्षां वरचें रान अधिक आपलें वाटे, ह्यांत आश्चर्य नाहीं. रान तरी भोळें कोठें होतें? १८२४ च्या सप्टेंबरांत, दोन तारखेस, मोठ्या वादळांत क्रो हिल नांवाच्या माथ्यावरची पीट फुटली. काळ्या चिखलाचा लोंढा खोऱ्यांत उतरला. ब्रॅनवेल, एमिली व अ‍ॅन हीं तिन्हीं मुलें त्या वेळीं दाईबरोबर मूरवर फिरावयास गेलेलीं होतीं. तीं सुखरूप परतलीं. बापानें तो भूकंप समजून त्यावर प्रवचन केलें व तें छापलें. एमिली तेव्हां सहा वर्षांची होती. तिनें पुढें जें पुस्तक लिहिलें त्यांत जमिनीलाच स्वभाव आहे असें वाटतें, तें उगीच नव्हे.

शर्यत सकाळीं सुटली. दगडी रस्त्यावर शेंकडों माणसें दाटीवाटीनें उभीं होतीं. त्यांत माझ्या वयाचे गृहस्थही पाहिले, आणि मला आपल्या छडीची किंचित् लाज वाटली. प्रत्येकाच्या पाठीवर लहान पिशवी. रेनकोट, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, थोडें खाणें. हा सरंजाम कशाला, असें मीं विचारलें. मूरवर धुकें उतरलें कीं दहा पावलांवरची वाट दिसत नाहीं. पाय मुरगळून माणूस बसला तर तो पळत होता तोंवर जो घाम होता तोच थंड होऊन त्याला गांठतो. म्हणून मदत येईपर्यंत ज्यानें त्यानें स्वतःला सांभाळावें, असा नियम. मला हा नियम फार आवडला. शर्यत म्हटली म्हणजे दुसऱ्याच्या पुढें जाणें एवढेंच आपण धरतों. येथें पहिली अट आपला भार आपण वाहण्याची. सूनबाईनें निघतांना मला वांकून नमस्कार केला. शेजारच्या एका गोऱ्या बाईला तो व्यायामाचाच प्रकार वाटला असावा, कारण तिनेंही वांकून पाहिलें.

तीं सगळीं गेल्यावर मी आणि पुतण्या त्याच वाटेनें पायीं निघालों. टॉप विदन्स नांवाचें एक पडकें शेतघर साडेतीन मैलांच्या सुमारास आहे, तेथवर जावयाचें ठरविलें. वाटेवरच्या खांबांवर इंग्रजीखालीं जपानी अक्षरें आहेत. इतकीं जपानी माणसें ह्या पुस्तकांच्या ओढीनें येथें येतात. टॉप विदन्स म्हणजेच 'वुदरिंग हाइट्स' मधलें घर, असा लोकांचा समज. ब्रॉण्टी सोसायटीनें १९६४ सालीं भिंतीवर पाटी बसवून, हें घर अभंग असतांनाही कादंबरींतल्या घरासारखें नव्हतें, असें सांगून टाकलें आहे. तरी लोक येतातच. छप्पर नाहीं, भिंती उरल्या आहेत, आणि वारा असा कीं छत्री उघडण्याचा विचारही करूं नये. आम्ही भिंतीच्या आडोशाला बसून दशम्या खाल्ल्या.

तेथें बसलों असतां पुतण्याला एक गोष्ट सांगितली. त्या कादंबरीचा नायक हीथक्लिफ हा लिव्हरपूल बंदरांत सांपडलेला काळसर, अनाथ मुलगा. त्याला पाहून एक शेजारी, हा एखादा लास्कर असेल, असा तर्क करतो. लास्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवर काम करणारे पौर्वात्य खलाशी. त्यांत आपल्या कोंकणपट्टींतलीही माणसें असत. एमिलीनें उत्तर दिलें नाहीं, प्रश्न तसाच सोडला. शार्लटच्या 'जेन एअर' मध्यें तर एक पाद्री हिंदुस्थानांत यावयाचें म्हणून नायिकेला हिंदुस्थानी भाषा शिकावयास लावतो. ती शिकते, पण त्याच्याशीं लग्न करण्याचें साफ नाकारते. खोलींत टेबलाभोंवतीं फिरणाऱ्या ह्या मुलींच्या मनांत आपल्या देशाची वाट कोठेंतरी होती.

टॉप विदन्सपाशीं जी मोठी पायवाट येते तिचें नांव पेनाइन वे. दक्षिणेकडील ईडेल गांवापासून स्कॉटलंडच्या हद्दींतील कर्क येथॉमपर्यंत ती २६८ मैल जाते. पीटवर रोज शेंकडों पाय पडले कीं शेवाळ मरतें, वाट रुंदावते आणि काळा चर पडतो. म्हणून ह्या वाटेवर पुष्कळ ठिकाणीं दगडी फरश्या टाकल्या आहेत. त्यांतल्या कितीएक पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींतून काढून आणलेल्या. ज्या गिरण्यांच्या धुरानें वरचें शेवाळ मारलें, त्यांच्याच फरश्या आतां त्याचें रक्षण करतात! एका फरशीवर गोल खळगा दिसला. यंत्राच्या खुंट्याचा असेल, कोण जाणे.

ह्या वाटेनें कोणीही जावें हें आज सहज वाटतें. पूर्वीं तसें नव्हतें. मूर दिसतें ओसाड, पण त्याला मालक असत. ग्राउज नांवाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठीं तें राखलेलें असे, आणि गिरणींत आठवडाभर राबलेला मजूर रविवारीं हवा खावयास चढला तर रखवालदार त्याला हांकून देत. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडचीं चारएकशें तरुण माणसें किंडर स्काउट ह्या मूरवर बंदी मोडून चढलीं. रखवालदारांशीं झटापट झाली. पांच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंत तुरुंग मिळाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९६५ त, एप्रिलच्या त्याच चोविसाव्या तारखेस, पेनाइन वे खुली झाली, आणि २००० च्या कायद्यानें उघड्या मूरवर पायीं हिंडण्याचा हक्क सर्वांस मिळाला. आपल्याकडे १९३० सालीं लोक मिठासाठीं तुरुंगांत गेले; इकडे दोन वर्षांनीं वाऱ्यासाठीं. पुतण्या हंसला, पण मला तें हंसण्यासारखें वाटलें नाहीं.

ह्याच पेनाइन वेवर ऐन हिंवाळ्यांत, जानेवारींत, 'स्पाइन रेस' नांवाची शर्यत होते. सबंध २६८ मैल. २०१९ सालीं ती जॅस्मिन पॅरिस नांवाच्या पशुवैद्यक बाईनें जिंकली. स्त्रियांत नव्हे, पुरुषांसकट सर्वांत. वेळ ८३ तास १२ मिनिटें, म्हणजे पूर्वींच्या उच्चांकाहून बारा तास कमी. घरीं तिची चौदा महिन्यांची मुलगी होती. अंगावरचें दूध दाटूं नये म्हणून ती वाटेंतल्या मुक्कामांवर थांबून तें काढीत असे. हें मीं मुद्दाम लिहून घेतलें. वहिनींच्या आक्षेपाला उत्तर म्हणून नव्हे. उत्तरें काढून देणें सोपें असतें. पण बाळंतपण आणि पायांतलें बळ हीं एकमेकांचीं वैरी आहेत हें आपण फार लौकर धरून चालतों, असें मात्र त्या पडक्या भिंतीपाशीं मनांत आलें.

परतून आम्ही दुपारभर गांवांत वाट पाहिली. पहिले लोक केव्हांच येऊन, कपडे बदलून, चहा पीत बसले होते. चार वाजले, पांच वाजले. पाऊस आला, गेला. पुतण्या दर दहा मिनिटांनीं रस्त्याच्या टोकाशीं जाऊन येई. साडेपांचाच्या पुढें, उजेड मंद झाला असतां, ती दिसली. धांवत नव्हती, शर्यतीच्या नांवाप्रमाणेंच चालत होती. गुडघ्यापर्यंत पीटचा काळा चिखल, एक कोपर सोललेलें. बांकावर बसून तिनें आधीं पाणी मागितलें, मग साखर घालून चहा. स्टुडली पाइक म्हणून टेकडीवर एक मनोरा आहे, नेपोलियनच्या पराभवाचें स्मारक. तो लांबून दिसतो आणि कितीही चाललें तरी जवळ येत नाहीं, अशी तिनें तक्रार केली. तिला सांगितलें कीं पहिला मनोरा १८५४ सालीं कोसळला, हा दुसरा आहे. ती म्हणाली, "तोही पडला असता तर बरें झालें असतें."

पुतण्या गाडी आणावयास गेला. तेव्हां तिनें हळूच विचारलें, "काका, आईंना काय लिहिणार आहांत?" मीं म्हटलें, "तूं सांगशील तें." थोडा वेळ तिनें बुटाच्या नाड्या सोडविल्या. मग म्हणाली, वर एकटी असली कीं ती मुलाला हांक मारते. मोठ्यानें. घरीं भिंतीपलीकडे शेजारी असतात. तेथें कोणी नसतें. मला प्रथम कळेना. तीन दिवसांचें मूल. बारसें झालेलें नव्हतें. आमच्या घरांत कोणाच्याही तोंडीं त्याचें नांव नव्हतें, कारण त्याला नांव आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें. तिनें मनाशीं ठेवलें होतें. तें तिनें मला सांगितलें.

त्या रात्रीं वहिनींना पत्र लिहिलें. मैल लिहिले, वेळ लिहिला, तिनें काय खाल्लें तें लिहिलें, पाय शाबूत आहेत हें लिहिलें. आणि तिची परवानगी घेऊन शेवटच्या ओळींत तें नांव लिहिलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. शर्यतीविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. पोटऱ्यांना लावावयास नारायण तेलाची मोठी बाटली एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठविली आहे, रोज झोपतांना कोमट करून चोळावें. आणि मुलाचें नांव चांगलें आहे, असें होतें.